हवा बिघडली, मासा लागेना: उजनीवर पाहुण्यांना गळाला नेताना

उजनी धरणाच्या भिगवण, इंदापूर, करमाळ्याकडच्या काठावरची बरीच पोरं आता पाहुण्यांना मासेमारीला नेऊ लागली आहेत. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, सोलापूर रस्ता चांगला, घरची होडी, आणि पाणी लहानपणापासून पायाखालचं. होळीनंतरच्या उन्हात, पाणी उतरत असताना, हे काम अवघड नाही. पाहुण्याच्या हातात रॉड द्यायचा, चिलापी (म्हणजे तिलापिया मासा) लागतेच. अडचण येते ती आभाळ भरून आल्यावर. वारा उलटा फिरलाय, सकाळपासून एकही फ्लोट (गळाच्या दोरीवरचं तरंगणारं बोंडूक) हललेला नाही आणि पुण्याहून आलेले चौघे तुमच्या तोंडाकडे बघतायत. त्या दिवसासाठी हे लिहितोय. जाळ्याची मासेमारी यात नाही, फक्त गळाची.

आधी परवानगीचं मिटवा. धरणाच्या पाण्यात कुणीही कुठेही गळ टाकावा असं नसतं. मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाने असतात, काही जलाशय मच्छीमार संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. तुमच्या भागात हक्क कुणाचा आहे ते विचारून, पावती असेल तर ती खिशात ठेवूनच पाहुणे बोलवा. जून ते ऑगस्ट हा रोहू-कटल्याच्या विणीचा काळ. त्या महिन्यांत पैसे मिळत असले तरी सहल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आदल्या संध्याकाळी

निम्मं काम इथेच होतं. रात्री आठच्या सुमाराला तीन गोष्टी बघा. पहिली, हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा. उजनीचं पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांना लागून आहे, म्हणून फक्त आपला जिल्हा बघून भागत नाही. ऑरेंज किंवा रेड असेल तर सहल रद्द. यलो असेल तर काठावरूनच गळ, होडी बाहेर काढायची नाही. दुसरी, मोबाईलमध्ये ‘दामिनी’ ॲप आहे का आणि लोकेशन चालू आहे का. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं हे ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर आधी कळवतं. तिसरी, धरणातून कालव्याला किंवा नदीला पाणी सोडलंय का. पाणी झपाट्याने उतरत असेल तर उथळ खाडीतला मासा रात्रीतून खोलात सरकतो, आणि काल जिथे लागला तिथे उद्या नुसता गाळ असतो.

मग पाहुण्याला फोन. हा फोन टाळणारे पुष्कळ आहेत, कारण गिऱ्हाईक तुटेल अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. “उद्या ढग आहे, मासा कमी लागेल, एखादवेळी लागणारही नाही. यायचं असेल तर अर्ध्या दिवसाचे पैसे घेतो. हवा जास्तच बिघडली तर मी काठावरून परत पाठवीन, त्याचे पैसे नाहीत.” एवढं सरळ बोललं की दोनपैकी एकच होतं: माणूस तारीख बदलतो, किंवा सगळं माहीत असून येतो. दुसऱ्या प्रकारचा पाहुणा दिवसभर कुरकुरत नाही. “या हो, भरपूर लागतो” म्हणून बोलावलेला माणूस मात्र दहा वाजताच घड्याळ बघायला लागतो.

सामानात रोजच्यापेक्षा जास्त काय घ्यायचं? प्रत्येकाला लाइफ जॅकेट, तेही काठावर बसणाऱ्यालासुद्धा. कोरडे टॉवेल, जाड प्लॅस्टिकचा कागद, थर्मासभर चहा. गमबूट नकोत. पाण्यात पाय घसरला की ते भरतात आणि माणसाला खाली ओढतात. आणखी एक फालतू वाटणारी वस्तू म्हणजे दोरीला बांधलेला स्वस्तातला थर्मामीटर. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

हवा नेमकी कशी बिघडली आहे

‘खराब हवा’ एकच नसते, आणि प्रत्येक वेळी मासा वेगळ्या कारणाने गप्प असतो. नवा माणूस इथे चुकतो. तो सगळ्या दिवसांवर एकच औषध देतो, म्हणजे आमिष बदलतो.

थंडीचं बघू. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवस थंडीची लाट आली, वर ढग, वारं उत्तरेचं. उजनीत पाहुण्याच्या गळाला सगळ्यात जास्त लागणारी चिलापी ही मुळात गरम पाण्यातली. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की तिचं खाणं कमी होतं, सोळाच्या आसपास जवळपास थांबतं. रोहू-कटलाही सुस्तावतात. अशा दिवशी पहाटे पाचला पाहुण्याला काठावर बसवणं म्हणजे त्याला छळणं आहे. दहाला निघा. अकरा ते चार हीच वेळ. थर्मामीटर दोन-तीन ठिकाणी सोडून बघा. वाऱ्याच्या आडोशाची, काळ्या तळाची उथळ खाडी दुपारपर्यंत उघड्या पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी गरम होते. आकडा लहान आहे, पण माशासाठी तो पुरेसा असतो.

दुसरा प्रकार उकाड्याचा. मे महिना, वारा पूर्ण पडलेला, आभाळ झाकलेलं, अंगाला घाम चिकटलेला. पाण्यातली वनस्पती उन्हातच प्राणवायू सोडते, रात्री ती स्वतःच तो वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. वर ढग आणि वारा नाही, म्हणजे तो भरून यायलाही वेळ लागतो. कटला-रोहू वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात. पाहुणे खूश होतात, “केवढे मासे!” म्हणतात. त्यांना तिथे गळ टाकू द्या, पण मनात धरून चाला की तो मासा खाण्यासाठी वर आलेला नाही, श्वासासाठी आलाय. अशा सकाळी एकच मासा तुमच्या बाजूने असतो, तो म्हणजे मरळ. मरळ थेट हवेतून श्वास घेते, पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी तिचं फारसं अडत नाही. पाणवनस्पतीच्या कडेला रबरी बेडूक हळू ओढत न्या. मात्र काठाजवळ लालसर-नारिंगी पिल्लांचा गोळा पाण्यावर उकळल्यासारखा दिसला तर तिथून पुढे व्हा. खाली आई-बाप राखणीला असतात. ती जोडी गळाला घेतली तर पिल्लं दुसरे मासे तासाभरात संपवतात.

तिसरा, गढूळ पाण्याचा. परतीचा पाऊस झाला, ओढे भरून आले, फुगवटा (धरणामागे पसरलेलं पाणी) चहाच्या रंगाचा झाला. इथे मासा खातो, पण त्याला दिसत नाही. दिसण्यावर चालणारी चमकदार आमिषं पेटीत ठेवा, गांडूळ काढा. मिशीवाला मासा, म्हणजे शिंगाळा, वासावर आणि स्पर्शावर जगतो. सापासारखी लांब वामही गढुळात बाहेर पडते. ओढा जिथे फुगवट्याला मिळतो तिथे गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. गळ त्या रेघेवर, निवळ बाजूला हातभर आत. आणि शिंगाळा लागला की पाहुण्याला हात लावू देऊ नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे उभे करून तो मुरडतो. ओला टॉवेल टाकून, काट्यांच्या मागून धरून तुम्हीच गळ काढा.

हवेच्या दाबाबद्दल शहरातले हौशी लोक फार बोलतात, घड्याळात दाब दाखवणारे पाहुणेही येतात. त्यांच्याशी वाद घालू नये. मी मात्र वारा, पाण्याची पातळी आणि पाण्याचा गरमपणा यावरच ठरवतो, कारण या तीन गोष्टी काठावर उभं राहून कळतात.

काठावर पोचल्यावर

गाडी कुठे लावता? पाण्याच्या जवळ, चकचकीत काळ्या रानात? दहा मिनिटांचा पाऊस झाला की ती काळी माती चाकाला थर धरून बसते, आणि मग ट्रॅक्टर येईपर्यंत पाहुणे तुमच्याच गावाची चेष्टा करत बसतात. गाडी मुरमावर, तोंड रस्त्याकडे करून. चालावं लागलं तरी चालेल. वीज आली तर बंद काचांची हीच गाडी तुमचा निवारा आहे, म्हणून ती पाच मिनिटांत गाठता आली पाहिजे, आणि पाच मिनिटांत हलवताही आली पाहिजे.

पाणी उतरलेलं असेल तर काठच्या गाळावर पाहुण्याला मोकळं सोडू नका. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, खाली गुडघाभर चिखल असतो. उजनीचा मृतसाठाच, म्हणजे एरवी वापरात न येणारं तळाचं पाणीच, ६३ टीएमसीहून जास्त आहे. त्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं आपण म्हणतो तेव्हाही पाणी पुष्कळ असतं, फक्त ते लांब गेलेलं असतं आणि मधे हा गाळ असतो. काठी घेऊन आधी स्वतः चाला, मग त्याच पावलांवर बाकीचे.

मग जाळी बघा. रात्री लावलेली जाळी सकाळी उशिरापर्यंत पाण्यात असतात. थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की त्या रेषेपासून लांब. पाहुण्याचा गळ एकदा जाळ्यात अडकला की जाळं फाटतं आणि गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. त्यातच एक फायदाही आहे. जाळी काढणारा माणूस काठाला आला की त्याला चहा द्या आणि विचारा, “काका, रात्री काय आलं? कुठल्या अंगाला? किती खोलात?” त्याचं उत्तर एवढंच असेल, “आज खोलातच हाय, काठाला काय नाय.” या एका वाक्याने तुमचे दोन तास वाचतात.

वाऱ्याचं गणित असं. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला वरचं गरम पाणी आणि बारीक खाणं ढकललं जातं, लाटेने प्राणवायूही मिसळतो. उकाड्याच्या दिवसांत मासा त्या काठाला. पण नवख्या पाहुण्याला तोंडावरच्या वाऱ्यात गळ फेकता येत नाही, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) त्याच्याच गळ्यात येतो. म्हणून पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक शोधा, वारा खांद्यावरून आडवा येईल असं. थंडीच्या वाऱ्यात मात्र हे सगळं विसरून सरळ आडोसा गाठा.

तुमच्या स्वतःच्या हातात रॉड नको. मासा कमी लागतो त्या दिवशी तर मुळीच नको. वाटाड्याला लागला आणि गिऱ्हाईक कोरडं राहिलं, हे माणूस विसरत नाही.

फ्लोट हलत नाही तेव्हा

इथे क्रम पाळा: आधी खोली, मग आकार, शेवटी जागा. बहुतेक जण उलटं करतात. वीस मिनिटांत कंटाळून सगळा लवाजमा उचलून दुसऱ्या खाडीत जातात, तिथून तिसऱ्या. दिवस चालण्यातच संपतो, आणि दर वेळी पायांच्या आवाजाने काठचा मासा पळतो तो वेगळाच.

खोली बदलायची तर चार पाहुण्यांचे चार गळ पाण्यात चार वेगवेगळ्या खोलीवर लावा. एक तळाला टेकलेला, एक तळापासून वीतभर वर, एक मधोमध, एक वरच्या हातभर पाण्यात. मृगळ तळाला चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या. कुणाला पहिला स्पर्श होतो ते बघून बाकीच्यांचे फ्लोट त्या खोलीवर आणा. अर्धा-पाऊण तास कशालाच काही नाही, तरच पुढची पायरी.

आकार म्हणजे सगळंच बारीक. मोठ्या माशासाठी आणलेला जाड तंगूस आणि अंगठ्याएवढा गळ सुस्त माशापुढे निरुपयोगी आहे. ०.२० मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस, दहा-बारा नंबरचा गळ, त्यावर वाटाण्याएवढी कणीक. कणकेत भाजलेली शेंगदाणा पेंड मळा आणि चिमूटभर कापूस पिंजून घाला. कापसाचे धागे कणीक धरून ठेवतात, पाण्यात ती लगेच सुटत नाही. काठावर चारा फेकायचा तो लिंबाएवढे दोन गोळे, बस्स. भुकेला मासा भरपूर चाऱ्यावर गोळा होतो. मंद मासा तेवढाच खाऊन निघून जातो, गळावरचं त्याला लागत नाही.

आता फ्लोटकडे जवळून बघायला शिकवा, कारण थंडीतला मासा फ्लोट बुडवत नाही. शिशाचे छर्रे एकेक करून इतके लावा की फ्लोटचं टोक जेमतेम नखभर पाण्यावर राहील. शेवटचा छर्रा गळापासून चार बोटांवर. मग खूण अशी दिसते: टोक किंचित थरथरतं, थांबतं, आणि मग लाटेच्या विरुद्ध बाजूला बोटभर सरकतं. किंवा उलट, बुडायच्या ऐवजी अर्धा इंच वर येतं, कारण माशाने गळ तोंडात घेऊन शेवटच्या छर्ऱ्यासकट उचललेला असतो. तेव्हाच मनगटाने हलका झटका. जोरात ओढणाऱ्या पाहुण्याच्या शेजारी पहिली दहा मिनिटं बसा आणि तो ओढणार त्या क्षणी “नाही, थांबा” म्हणा. दोन-चार वेळा थांबवल्यावर त्याला स्वतःलाच फरक दिसायला लागतो.

एक रॉड कायम ‘पोरांचा रॉड’ म्हणून ठेवा. सगळ्यात बारीक गळ, गांडुळाचा तुकडा, काठाजवळ दगडांच्या कपारीत. त्याला बोटभर चिलापी का होईना, काहीतरी लागतंच. ज्याची सकाळ कोरडी गेलीय त्याला तो रॉड द्या. आठ हजारांचं रीळ घेऊन आलेला माणूस बोटभर मासा बघून कसा हसतो ते बघण्यासारखं असतं.

जागा बदलायचीच तर दिवसात एकदा, जेवणाच्या वेळी. म्हणजे माणसांना हरल्यासारखं वाटत नाही.

मधला वेळ

मासा लागत नाही तेव्हा पाहुण्याला गप्प बसवू नका, आणि सतत बडबडही करू नका. गळाची गाठ शिकवा. थंड बोटांनी, ओल्या तंगूसवर, स्वतःची स्वतः बांधायला लावली की अर्धा तास मजेत जातो. हिवाळा असेल तर कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला फ्लेमिंगो आणि पट्टकादंब असतात. दुर्बीण असेल तर काठावरून दाखवा. होडी त्यांच्या अंगावर घालून थवा उडवायचा आणि फोटो काढू द्यायचे, हे करू नये. पाणी फार उतरलं असेल तर पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तेही बघण्यासारखं आहे, आणि तिथली पाण्याखालची जुनी बांधकामं दाखवली की गळ वारंवार का अडकतो हेही पाहुण्याला कळतं.

एक गोष्ट मात्र नको. भिगवणच्या बाजारातून जिवंत मासा आणून “आत्ताच लागला” असं भासवणारे लोक आहेत. पाहुण्याला जेवणात मासा हवा असेल तर उघडपणे बाजारात घेऊन जा, तिथली थाळी खायलाच लोक पुण्याहून येतात.

कधी आवरायचं

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण गेले. काठावरच्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तरीही मे महिन्यात दुपारी तीनला होडी सोडणारे आहेतच. वळवाचा वारा सूचना देतो, पण थोडी. आधी हवा एकदम थांबते, मग क्षितिजाला मातकट पडदा दिसतो, मग गार झुळूक येते. गार झुळूक आली की होडी काठाला असलीच पाहिजे, तेव्हा वल्हवायला सुरुवात करून उपयोग नाही. उजनीसारख्या लांबलचक उघड्या पाण्यावर वाऱ्याला मैलोन्मैल आडकाठी नसते, लाट बघता बघता उभी राहते. पाण्यावर पांढरे फेसाळ ठिपके दिसायला लागले तर होडी बाहेर काढायचीच नाही, ही मर्यादा पाहुण्याला सकाळीच सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर घासाघीस होते.

विजेचा हिशेब सोपा आहे. चमक दिसली की मोजायला लागा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. सगळं जिथल्या तिथे सोडून गाडीत बसा. रॉडसुद्धा आडवा जमिनीवर टाका, उभा धरून पळू नका. हल्लीचे बहुतेक रॉड कार्बन फायबरचे असतात आणि कार्बन वीज वाहून नेतो. उघड्या पाण्याच्या काठी हातात तीन मीटरची उभी कांडी धरणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एकट्या बाभळीखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पाण्याजवळ परत जायचं नाही, ऊन पडलं तरी. या अर्ध्या तासात पाहुणे फार घाई करतात. त्यांना चहा द्या, पण काच खाली करू देऊ नका.

थंडीच्या दिवसात आवरायची खूण वेगळी. एखादा पाहुणा बोलायचा थांबला, हात खिशातून काढेना, गाठ बांधायला सांगितलं तर बोटं ऐकेनात, की त्याच्यापुरती सहल संपली. ओले कपडे बदलून त्याला गाडीत बसवा, बाकीच्यांना अर्ध्या तासाची मुदत द्या.

निघताना काठावरचे तंगूसचे तुकडे एकूण एक उचला. पक्ष्यांच्या पायात तेच अडकतात. लहान मासे ओल्या हाताने परत पाण्यात सोडा. चिलापीबद्दल मात्र एवढी हळहळ नको, ती बाहेरून आलेली आहे आणि उजनीत तिला तोटा नाही. घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहा: तारीख, वाऱ्याची दिशा, पाण्याचा गरमपणा, धरणाची टक्केवारी, कुठल्या खोलीला स्पर्श झाला. पुढच्या पौषात अशीच हवा आली की फोनवर बोलताना हीच वही उघडी ठेवा.

हिशेबाच्या वेळी ठरलेल्यातलेच पैसे घ्या. मासा लागला नाही म्हणून पाहुण्याने कमी द्यायला बघितलं तर आदल्या रात्रीचा फोन आठवून द्या. तुम्ही स्वतः दिवस लवकर गुंडाळला असेल तर मात्र तेवढे पैसे तुम्हीच आपणहून परत करा. “परत कधी येऊ?” असं कुणी विचारलंच तर फेब्रुवारी अखेर ते एप्रिल मध्यातली तारीख द्या, आणि पहाटेची.